बोर्डावरचं 'परदेश' : कोल्हापूरच्या तालमींना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील सर्व तालीम मंडळे व तरुण मंडळे,
अध्यक्ष, वस्ताद आणि कार्यकर्ते यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या चौकात एका मंडळाचं डिजिटल लागलं. वर शाहू महाराज, उजवीकडे हेडफोन घातलेला कुणीतरी गोरा पोरगा, खाली नेहमीप्रमाणे तीस-चाळीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत : 'भव्य गेमिंग स्पर्धा. प्रथम क्रमांक २१,००० रुपये. विजेत्या संघास परदेशी प्रशिक्षणाची सुवर्णसंधी.' मी गाडी बाजूला घेऊन शेवटची ओळ पुन्हा वाचली. ही संधी कोण देणार, कुठल्या देशात देणार, पोरगं तिथं खाणार काय आणि झोपणार कुठं, यातलं काही बोर्डावर नव्हतं. चाळीस फोटोंना जागा लागते, समजू शकतो.

आठवड्याभरात जिंकलेल्या टीममधला एक पोरगा माझ्या दुकानात आला. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. पोराला अठरा पूर्ण व्हायला अजून पाच महिने आहेत. म्हणाला, "दादा, पासपोर्टला किती दिवस लागत्यात? तत्काळमधनं हुईल न्हवं?" कशाला रे, म्हटलं. तर कुणी एक एजंट टीमला तीन महिने युरोपात नेणार आहे, तिथल्या क्लबच्या ट्रायलला बसवणार आहे, आणि त्याची फी एका पोरामागं तीन लाख. बारावीचा फॉर्म त्यानं भरलेला नाही. वडिलांनी टेम्पोवर कर्ज काढायची तयारी दाखवली आहे.

"मंडळात कुणाला विचारलंस?"

"मंडळाचं काय दादा, बक्षीस दिलं, फोटो काढला, स्टेटसला टाकला. झालं."

म्हणून हे पत्र तुम्हाला. क्रीडा खात्याला लिहिता आलं असतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धेच्या व्हिडिओ गेमिंगला, बहुक्रीडा स्पर्धांमधला खेळ म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढलं. कागदावर जे व्हायचं ते होत राहील. पण या गावातलं पोरगं अडलं की सरकारी ऑफिसात जात नाही, तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतं. आणि आता बोर्डही तुम्हीच लावलाय.

मी कोण, हे आधी सांगतो. मंगळवार पेठेत वाढलो. वडील उद्यमनगरात लेथवर. २०१६ साली तासाला वीस रुपये देऊन कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा पाच-पाच जणांच्या टीमांचा गोळीबाराचा गेम खेळायला लागलो आणि तिथंच अडकलो. घरात पीसी हवा होता. ८५ हजारांचा. आईनं तिचा कोल्हापुरी साज गहाण टाकला आणि वडिलांना पंधरा दिवस सांगितलं नाही. पुढं फेसइट या ऑनलाइन सामन्यांच्या साइटवर लेव्हल दहा, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा झालो, देशातल्या बऱ्यापैकी टीमांत नाव झालं. मध्ये २०२१ चा पूर येऊन गेला. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती, शहरात लाईट नव्हती आणि त्याच दिवशी आमची क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, होती. दिल्ली-अहमदाबादचे टीममेट फोनवर म्हणत होते, "भाई, डोंगल लगा ले." डोंगलला टॉवर लागतो आणि टॉवरला डिझेल, हे त्यांना कसं सांगायचं?

त्याच वर्षाअखेर एका संस्थेनं आम्हा पाच जणांना साइन केलं. महिना २५ हजार पगार, बक्षिसात वाटा आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये एक वाक्य, ज्यानं आमची झोप उडवली : वर्षातून एकदा परदेशात बूटकॅम्प. म्हणजे महिनाभर सगळ्यांनी एका घरात राहायचं आणि तिथल्या टीमांशी सराव करायचा. चौदा पानांचं इंग्रजी कॉन्ट्रॅक्ट मी पहिल्या पानावर पगार आणि शेवटच्या पानावर सहीची जागा बघून सही केलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही सर्बियात, बेलग्रेडला गेलो. बेलग्रेडच का? तिथली टीम भारी होती म्हणून नव्हे. त्या वेळी भारतीय पासपोर्टवर सर्बियात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं, एवढंच कारण. हे मला विमानात कळलं.

आता वस्ताद मंडळींसाठी थोडं सांगावं लागेल. पिंग म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर ते सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. कोल्हापुरातून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना मला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग असायचा. समोरच्यानं पट काढला आणि तुम्हाला ते सेकंदाच्या सातव्या भागानं उशिरा दिसलं, असं समजा. खाली पडल्यावर कळतं की पकड आली होती. आमची अख्खी पिढी या पिंगवर राग काढत मोठी झाली. हरलो की पिंग. जिंकलो की, 'एवढा पिंग असून जिंकलो बघा.' बेलग्रेडमध्ये पहिल्या रात्री स्क्रीनच्या कोपऱ्यात तीसच्या आतला आकडा दिसला आणि आम्ही अक्षरशः ओरडलो. चष्म्याची काच पुसल्यावर रस्ता दिसावा तसा गेम दिसत होता. मी मारलेली गोळी मी मारली तिथंच जात होती. त्या दहा मिनिटांचा आनंद अजून विसरलेलो नाही.

मग मॅच सुरू झाली आणि आम्ही १६-३ नं हरलो.

समोर कुणी जगज्जेते नव्हते. पोलंडमधली कॉलेजची पोरं होती. त्यातला एक मध्येच म्हणाला की आई जेवायला बोलावतेय, दोन मिनिटं थांबा. आम्ही थांबलो. तो जेवून आला आणि पुढची मॅच १६-५. त्या आठवड्यात आम्ही बारा सराव सामने खेळलो आणि बाराही हरलो. पिंगचं कारण संपलं होतं, आणि त्यासोबत आमच्याकडं असलेलं एकुलतं एक उत्तरही. ती पोरं वयाच्या बाराव्या वर्षापासून रोज संध्याकाळी त्यांच्याहून चांगल्यांशी खेळत आली होती. आम्ही पाच वर्षं एकमेकांनाच हरवत होतो.

याहून वाईट पुढं होतं. स्क्रिमचा, म्हणजे सराव सामन्यांचा, बाजार असतो. तुम्ही कुणाशी सराव करता यावर तुमची पत ठरते. जो तुम्हाला १६-३ नं हरवतो तो दुसऱ्यांदा वेळ देत नाही, त्याचा त्यात काय फायदा? दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळच्या वेळा रिकाम्या जायला लागल्या. कुणी होकार दिलाच, तर चॅटमध्ये पहिली ओळ यायची : 'वर्ड डॉट ईएक्सई'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : २०१८ साली शांघायच्या एका स्पर्धेत एक भारतीय खेळाडू चीट सॉफ्टवेअर वापरताना स्टेजवरच सापडला. ती फाइल त्यानं 'वर्ड' या नावानं लपवली होती. टीम बाद झाली, त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. आमच्यातल्या एकानंही त्याला कधी पाहिलं नव्हतं. चार वर्षांनंतरही त्याचा हिशोब आम्ही चुकवत होतो.

घराचं सांगायचं तर नवव्या मजल्यावर तीन खोल्या, सहा माणसं, एक बाथरूम. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून पडदे कायम बंद. दुपारी उठायचं, पहाटे चारला झोपायचं. नोव्हेंबरात तिथं चार-सव्वाचारला अंधार पडतो, म्हणजे आम्हाला दिवस दिसायचा तो जेमतेम तीन तास. टीममधला अहमदाबादचा पोरगा शाकाहारी. तो महिनाभर ब्रेड, चीज आणि केळ्यांवर राहिला. आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला बाराव्या दिवशी संपला. शेवटी शेवटी आम्ही तो उकडलेल्या बटाट्यावर चिमटीनं टाकत होतो, जणू केशर. एकदा संध्याकाळी एकटाच कालेमेगदानच्या किल्ल्यावर गेलो. खाली सावा नदी डॅन्यूबला मिळते. मी तिथं उभा राहून प्रयाग चिखलीचा संगम आठवत होतो, आणि घरी फोन लावला तर आई म्हणाली, "आवाज बसलाय का रे?" थंडी आहे, म्हटलं.

तिसाव्या दिवशी परत. फेब्रुवारीत पुन्हा यायचं ठरलं होतं, पण सर्बियानं १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांची व्हिसामाफी बंद केली. आमच्या संस्थेचा सगळा परदेशी कार्यक्रम दुसऱ्या देशाच्या एका नियमावर उभा होता. नियम गेला, कार्यक्रम गेला.

मग शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा. एका लॅन स्पर्धेत आम्ही कशीबशी जागा मिळवली होती. लॅन म्हणजे सगळे एका हॉलमध्ये, इंटरनेटची लबाडी नाही, आमनेसामने. अर्जासोबत काय लागतं ते ऐका : बँकेचं स्टेटमेंट, इन्कमटॅक्स रिटर्न, किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा, हॉटेलचं बुकिंग, जाण्यायेण्याची तिकिटं, नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र. शिक्षण? बारावी, पुढं सोडलं. नोकरी? गेम खेळतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी वर बघितलं, राग नव्हता, फक्त बघितलं. पाचातल्या तिघांना व्हिसा मिळाला, दोघांना नकार. त्या दोघांत मी. छापील फॉर्मवर कारणाच्या चौकोनात खूण होती : मुदत संपण्याआधी हा माणूस परत जाईल याबद्दल वाजवी शंका. राग कुणावर काढणार? बावीस वर्षांचा, पदवी नाही, नावावर गुंठाभर जमीन नाही, खात्यात बापानं उसने भरलेले दोन लाख. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच खूण केली असती. टीमनं दोन उसने खेळाडू घेऊन दोन मॅच खेळल्या आणि दोन्ही हरली.

एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर चार ओळींचा मेसेज आला की संस्था या गेममधून बाहेर पडत आहे, सर्वांना शुभेच्छा. तीन महिन्यांचा पगार राहिला होता, तो अजूनही राहिलाय. ते चौदा पानी कॉन्ट्रॅक्ट घेऊन कसबा बावड्याच्या कोर्टात एका वकील काकांकडं गेलो. त्यांनी चष्मा वर करून अकरावं पान काढलं. वाद झाला तर लवाद परदेशात, असं त्यात लिहिलं होतं. ७५ हजारांसाठी मी विमानानं जाऊन भांडणार का? काका एवढंच म्हणाले, "सही करायच्या आधी आला असतास तर पाच मिनिटांचं काम होतं." आमच्यातला सर्वांत धाकटा सही करताना सतरा वर्षांचा होता. त्याच्या बाबतीत काकांनी सांगितलं की आपल्या कायद्यात अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्याशी, केलेला करार मुळात करारच नव्हे. गंमत बघा, जे कॉन्ट्रॅक्ट मोडायच्या भीतीनं त्या पोरानं बारावीची परीक्षा बुडवली, ते त्याच्यापुरतं कधी अस्तित्वातच नव्हतं.

बक्षिसाच्या रकमेचंही सांगून टाकतो, कारण बोर्डावर तीच सर्वांत मोठ्या अक्षरात असते. एका ऑनलाइन स्पर्धेत आम्ही तिसरे आलो, बक्षीस दोन हजार डॉलर. रुपयांत एक लाख चौसष्ट हजार. घरी पेढे वाटले. त्यातले वीस टक्के संस्थेचे. उरले ते पाच खेळाडू आणि कोच अशा सहा जणांत. वरून तीस टक्के कर कापला. माझ्या हातात पंधरा हजार तीनशे पडले, तेही आठ महिन्यांनी. पेढे साडेनऊशेचे होते.

टीव्हीवर दिसणारे मोठे आकडे खोटे नसतात. २०२१ साली बुखारेस्टला झालेल्या डोटा या गेमच्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेची बक्षीस रक्कम ४ कोटी डॉलर होती आणि पहिल्या टीमला १ कोटी ८२ लाख मिळाले. पण त्यातला बहुतेक पैसा खेळणाऱ्या जनतेचाच होता : गेममध्ये विकल्या जाणाऱ्या एका पासच्या कमाईचा चौथा हिस्सा कंपनी बक्षिसात टाकायची. कंपनीनं ती पद्धत बदलली आणि २०२३ मध्ये त्याच स्पर्धेची एकूण रक्कम ३१ लाख डॉलरांच्या आसपास आली. खेळ तोच, खेळाडू तेवढेच तयारीचे. कुस्तीचा मालक कुणी नाही, वस्ताद. उद्या कुणी उठून 'आजपासून कुस्ती बंद' म्हणालं तर तुम्ही हसाल. गेमला मालक असतो. आपल्याकडं पबजी मोबाईल २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय २८ जुलै २०२२ ला ॲपच्या दुकानातून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत हजारो पोरांचा 'व्यवसाय' एका चिन्हासारखा मोबाईलवरून पुसला गेला होता. परदेशातही तेच. अमेरिकेतली ओव्हरवॉच लीग मोठा गाजावाजा करून २०१८ ला सुरू झाली आणि २०२३ ला आटोपली. त्या खेळासाठी घर सोडून गेलेल्या कोरियन पोरांनी बॅगा भरल्या.

शरीराचं तर कुणी बोलतच नाही. बसून खेळायचं त्यात काय शरीर, असं घरचेही म्हणतात. चीनचा उझी नावाचा लीग ऑफ लेजंड्सचा खेळाडू जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक होता. २०२० साली तेविसाव्या वर्षी त्याला थांबावं लागलं : टाइप टू मधुमेह आणि हाताची दुखणी. माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना आजही रात्री मुंग्या येतात. सीसीटीव्हीची वायर सोलताना कटर डाव्या हातात धरायला शिकलोय.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग पोरांना सांगून टाका की गेम सोडा. मी ते सांगणार नाही. भुजच्या तीर्थ मेहतानं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये हर्थस्टोन या गेममध्ये कांस्य आणलं. तेव्हा तो प्रदर्शनीय खेळ होता, पण पोडियमवर तिरंगा होता. पुढच्या, हांगझोऊच्या एशियाडला ई-स्पोर्ट्स पदकांचा खेळ झाला, आपली लीग ऑफ लेजंड्सची टीम उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन व्हिएतनामकडून हरली. रस्ता आहे, अरुंद आहे. सोलमध्ये व्हॅलोरंट या गेमची पॅसिफिक लीग २०२३ पासून चालते, तिथं ग्लोबल ईस्पोर्ट्स हा भारतीय मालकीचा संघही आहे, पण त्यातल्या बहुतेक खुर्च्यांवर परदेशी पोरं बसतात. म्हणजे दार उघडं असूनही आत जाण्याइतकी तयारी आपल्याकडं अजून थोड्यांचीच आहे.

आणि तयारी म्हणजे काय, हे या गावाला कोण शिकवणार?

खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा त्यांच्या खर्चाला कोल्हापूरचे महाराज उभे राहिले. लाल मातीत वाढलेला पैलवान तिथं मॅटवर उतरला, नियम वेगळे, पकडी वेगळ्या, सहावा आला. माझ्या १६-३ ची लाज मला त्या सहाव्या क्रमांकाशेजारी ठेवायची नाही, कुठं ते आणि कुठं मी. पण फरक बघा. खाशाबा परत आले तेव्हा त्यांना कुणी व्हॉट्सॲपवर शुभेच्छा देऊन मोकळं झालं नाही. चार वर्षं मेहनत झाली. १९५२ ला हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्य आणलं आणि नंतर कुस्त्या मारून ते घर सोडवून दिलं. तुमच्यातल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ आहे, भाषणात तुम्ही ती दरवर्षी सांगता. माझं म्हणणं एवढंच आहे की घर गहाण टाकणाऱ्या माणसाला पोरगा कुठं चाललाय, कुणाशी लढणार आहे आणि परत कधी येणार आहे, हे नीट माहीत होतं. माझ्या आईला साज गहाण टाकताना यातलं काहीही माहीत नव्हतं. मलाच नव्हतं, तर तिला कुठून असणार?

राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकला तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. म्हणजे नेम चुकला असता तरी महिन्याचा पगार चुकणार नव्हता. कोल्हापूरचीच नेमबाज राही सरनोबत २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण घेऊन आली. आम्हा पाच जणांना कुठल्या खात्यानं चहालाही बोलावलं नाही. ही तक्रार समजू नका, आम्ही काही जिंकलो नव्हतो. पण जिंकायच्या आधीच्या दहा वर्षांत पोराच्या मागं कुणीतरी उभं लागतं, आणि नेमकं तिथंच आमच्या मागं भिंत होती.

कोरियाचं नाव घेतलंच आहे तर : तिथल्या गेमिंगला काही जादू नाही. नव्वदच्या दशकाअखेर तिथं आर्थिक संकट आलं, गल्लोगल्ली पीसी बांग म्हणजे कॉम्प्युटरचे अड्डे निघाले, १९९८ ला स्टारक्राफ्ट आला, २००० ला खेळाची संघटना उभी राहिली. पुढं टीमांनी घरं घेतली. पोरं एका घरात राहतात, स्वयंपाकाला बाई, कोच, उठायची वेळ, झोपायची वेळ, थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं. फेकर हा लीग ऑफ लेजंड्सचा कोरियन खेळाडू २०१३ मध्ये सोळाव्या वर्षी अशाच एका टीममधून खेळायला लागला आणि २०२४ पर्यंत त्यानं पाच जागतिक विजेतेपदं घेतली. हे वाचताना तुम्हाला काय आठवलं? मला गंगावेश तालीम आठवली. मोतीबाग आठवली. गावोगावची पोरं येऊन राहतात, पहाटे चारला उठतात, जोर-बैठका मारतात, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पितात, वस्तादाला विचारल्याशिवाय मैदान धरत नाहीत. कोरियानं जे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभं केलं ते आपल्या पेठांत पणजोबांपासून आहे. फक्त गेमिंगच्या पोराला तुम्ही त्या दारातून आत घेत नाही, त्याला बाहेर मांडवात बसवता.

तेव्हा आत घ्या. एक खोली द्या. प्रत्येक तालमीला वरच्या मजल्यावर अशी एक खोली असते, तिच्यात सध्या गणपतीचं डेकोरेशन ठेवलेलं असतं. चांगली फायबर लाईन, इन्व्हर्टर, सहा मशीन. सकाळी त्या पोरांनीही पैलवानांबरोबर घाम गाळायचा. रात्री अकराला खोली बंद. बारावीची परीक्षा दिल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही, हे वस्तादानं सांगितलं तर पोरगं ऐकतं. बापानं सांगितलं तर ऐकत नाही, हा अनुभव तुम्हालाही आहे.

आणि कॉन्ट्रॅक्ट आलं की ते आधी तालमीत वाचलं जाऊ दे. प्रत्येक मंडळात एक तरी वकील सभासद आहे, वर्गणीच्या पावत्या फाडतो तो. त्यानं चार गोष्टी बघायच्या : पगार कुठल्या तारखेला, बक्षिसात वाटा किती, सोडायचं असेल तर किती पैसे भरायचे, वाद कुठल्या गावच्या कोर्टात. परदेशी न्यायचं असेल तर व्हिसा कुठल्या प्रकारचा, परतीचं तिकीट कुणाच्या खिशात, आजारी पडला तर फोन कुणाला. पर्यटक व्हिसावर नेऊन 'तिथं बघू' म्हणणारा माणूस दिसला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे खरी टीम खेळाडूला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. तीन लाख फी मागणारा क्लब जगात कुठंही क्लब नसतो. पैलवानाकडून पैसे घेऊन त्याला मैदानात उतरवणारा ठेकेदार तुम्ही कधी पाहिलाय का?

यात भीती घालायचा हेतू नाही, पण तेही सांगायला हवं. परदेशातल्या कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांच्या नावाखाली थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन पोरांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून देत आलंय. मार्च २०२५ मध्ये तिथून दोन विमानांनी ५४९ भारतीय परत आणले. आपलं पोरगं एजंटाला 'युरोप ना?' असं विचारून खूश होतं. तिकीट बँकॉकचं आलं तर 'तिथून कनेक्टिंग आहे' हे उत्तर त्याला पटतं. मला बावीसाव्या वर्षी पटलं असतं.

स्पर्धा घेणं थांबवा, असंही मी म्हणत नाही. प्रवेश फी घेऊन रीतसर बक्षीस द्यायला २०२५ च्या कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मोकळीक ठेवली आहे. बाहेर बसून मॅचवर पैसे लावणारी मंडळी मात्र दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात दिसतील आणि बोर्डावरचे चाळीस फोटो तिथं ओळख पटवायला उपयोगी पडतील. त्यांना आवरा. आणि पुढच्या बोर्डावर 'परदेशी प्रशिक्षण' छापण्याआधी प्रिंटिंगवाल्याला दोन दिवस थांबायला सांगा.

आईचा साज २०२४ च्या दिवाळीत सुटला. माझा पीसी विकला, वर दुकानाचे थोडे टाकले. वडील सोनाराकडं सोबत आले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, मिसळ खाऊ." त्यापलीकडं आजवर त्या विषयावर आमचं बोलणं झालेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता तो पोरगा त्या एजंटाचे कागद घेऊन माझ्या दुकानात येणार आहे, वडिलांनाही आणणार आहे. मी वाचून दाखवीन, पण मी त्याच्यासाठी हरलेला प्लेअर आहे, माझं तो कितपत मनावर घेईल सांगता येत नाही. तुमच्यापैकी एखादे वस्ताद आणि एखादे वकील तेवढा तासभर येऊन बसलात तर बरं होईल. राजारामपुरीत गेमिंगवाल्याचं दुकान म्हणून विचारा, कुणीही दाखवील. खुर्च्या चारच आहेत, बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून आणून ठेवतो.

आपला,
एक जुना प्लेअर
राजारामपुरी, कोल्हापूर